स्तनाच्या रेडिएशनमध्ये त्वचेचा डोस: टीपीएसचा आकडा तपासायचा कसा, वापरायचा कसा

स्तनाच्या रेडिएशनचा प्लॅन टीपीएसवर, म्हणजे डोस आधीच काढून दाखवणाऱ्या ट्रीटमेंट प्लॅनिंग सिस्टीम या संगणक-प्रणालीवर, आखतात. त्या प्लॅनमध्ये टार्गेट (जिथे डोस द्यायचा तो भाग), फुफ्फुस आणि हृदयाचे आकडे सगळेच डोळ्यांत तेल घालून बघतात. त्याच यादीत त्वचेचाही आकडा असतो, आणि अख्ख्या प्लॅनमधला सगळ्यात कच्चा आकडा तोच असतो. पाच-दहा सेंटिमीटर खोलीवर नीट कमिशन केलेली (आपल्या मशीनच्या मोजणीशी जुळवून घेतलेली) टीपीएस दोन-तीन टक्क्यांच्या आत बसते. पण पहिल्या एक-दोन मिलिमीटरमध्ये तीच टीपीएस वीस टक्क्यांपर्यंतही चुकू शकते, कधी वर, कधी खाली. किती आणि कोणत्या बाजूला, हे अल्गोरिदमवर जितके ठरते तितकेच तुमच्या ग्रिडवर (गणनेच्या चौकोनांच्या जाळीवर), कॉन्टूरवर (अंगाच्या आखलेल्या कडेवर) आणि बीम डेटावर (मशीनच्या मोजलेल्या वक्रांवर) ठरते. म्हणून दुसऱ्या केंद्राचा दुरुस्ती-गुणक उचलून चालत नाही. आपल्या मशीनवर आपणच मोजायला हवे.

विदर्भात हे काम टाळण्यासारखे नाही. आपल्याकडे येणाऱ्या बऱ्याच बायकांचे अख्खे स्तन काढलेले असते. छातीची त्वचा आणि तिच्याखालचा पातळ थर हाच तिथे टार्गेटचा भाग असतो, म्हणजे डोस कमी पडला तर आजार त्याच जागी परतण्याची भीती. डोस जास्त झाला तर साल निघून ओल सुटते. ती बहुतेकदा उपचार संपत आल्यावर किंवा संपल्यानंतरच्या आठवड्यात सुटते, तोवर रुग्ण अहेरीला, धारणीला किंवा मेहकरला घरी गेलेली असते. कापूस वेचणीचे दिवस असतील तर ती शेतातही उतरलेली असते. जखम डॉक्टरांच्या नजरेस पडेपर्यंत चिघळते. नागपूर, वर्धा, अकोला, अमरावती भागातल्या केंद्रांतले फिजिसिस्ट आणि टेक्नॉलॉजिस्ट यांना समोर ठेवून हे लिहिले आहे. ६ एमव्ही (मेगाव्होल्ट) क्ष-किरणांचा लिनॅक, म्हणजे रेखीय प्रवेगक, गृहीत धरला आहे आणि कोबाल्ट मशीनचे वेगळेपण पुढे दिले आहे.

आधी खोली ठरवा

"त्वचेचा डोस" एवढेच लिहिलेल्या आकड्याला अर्थ नाही. आयसीआरपीने (आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने) त्वचेसाठी ०.०७ मि.मी. खोली धरली आहे, कारण सतत विभागणाऱ्या पेशींचा तळथर साधारण तिथे असतो. लाली, काळवंडणे, साल निघणे हे सारे या थराशी बांधलेले आहे. त्याखालची डर्मिस एक ते तीन मिलिमीटरपर्यंत जाते. त्वचा आक्रसणे, बारीक रक्तवाहिन्या उमटणे हे उशिराचे त्रास तिथले. त्वचेतल्या लसीकाजालातून पसरणारा आजारही याच थरात असतो, म्हणून मास्टेक्टॉमीनंतर (स्तन काढल्यानंतर) टार्गेट म्हणून डर्मिस महत्त्वाची.

६ एमव्हीच्या १० × १० से.मी. फील्डमध्ये सरळ पडणाऱ्या बीमचा डोस ०.०७ मि.मी.ला कमाल डोसच्या साधारण १५ ते २० टक्के असतो, २ मि.मी.ला तो पन्नाशीच्या आसपास पोचतो आणि १५ मि.मी.ला १०० होतो; या खोलीला डीमॅक्स आणि तिथवरच्या चढणीला बिल्ड-अप म्हणतात. दोन मिलिमीटरमध्ये आकडा जवळपास तिप्पट. म्हणून नोंदवहीत प्रत्येक आकड्यापुढे खोली लिहायची सवय लावा: "०.०७ मि.मी.", "२ मि.मी.", "वरच्या ३ मि.मी.ची सरासरी". खोलीविना लिहिलेला आकडा पुढच्या माणसाला वापरता येत नाही.

टीपीएस इथेच का घसरते

पहिले कारण बीम डेटात आहे. कमिशनिंगच्या वेळी पीडीडी (खोलीनुसार डोसची टक्केवारी) बहुधा ०.१३ सीसीच्या आसपासच्या दंडगोल चेंबरने (आयनीकरणावरून डोस मोजणाऱ्या उपकरणाने) पाण्याच्या टाकीत घेतलेली असते. त्या चेंबरची त्रिज्या ३ मि.मी. असते. पृष्ठभागाजवळ चेंबर अर्धे पाण्याबाहेर असते, आणि प्रभावी बिंदूसाठी त्रिज्येच्या ०.६ पट, म्हणजे १.८ मि.मी. सरकवल्याने तिथला वक्र दुरुस्त होत नाही. टीपीएसचे मॉडेल हाच वक्र जुळवायला शिकते. चुकीचे वाचन तिला शिकवले तर ती ते इमानाने परत दाखवते.

दुसरे कारण अधिक फसवे आहे: तपासणीचे निकष. व्हेन्सेलार आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये सुचवलेल्या मर्यादा अनेक ठिकाणी वापरतात. बिल्ड-अपसाठी त्या साध्या मांडणीत १० टक्के किंवा २ मि.मी., गुंतागुंतीच्या मांडणीत १५ टक्के किंवा ३ मि.मी. अशा आहेत. ज्या भागात २ मि.मी.मध्ये डोस तिप्पट होतो तिथे २ मि.मी.ची सूट म्हणजे त्वचेपुरती तपासणी नसल्यातच जमा. अहवालात "पास" लिहिलेले असते आणि त्वचा कुणी तपासलेलीच नसते. रुग्णागणिक होणाऱ्या गॅमा तपासणीचेही (प्लॅनचा डोस मोजलेल्या डोसशी ताडण्याचेही) तेच. ॲरेचे (मापकांच्या जाळीचे) डिटेक्टर फँटममध्ये (अंगाच्या जागी ठेवलेल्या ठोकळ्यात) खोलवर असतात, त्यांना पृष्ठभाग दिसत नाही. ९९ टक्के गॅमा पास झालेल्या प्लॅनचा त्वचा-डोस बिनचूक आहे असे कुणी म्हणाले तर मान डोलावू नका.

तिसरे, ग्रिड. अडीच मिलिमीटरच्या चौकोनात एकच सरासरी आकडा बसतो. त्वचेवरचा चौकोन अर्धा हवेत, अर्धा अंगात असतो. तो कुठे कापला जातो यावर शेजारच्या दोन बिंदूंचे आकडे दहा-पंधरा टक्क्यांनी वेगळे निघू शकतात. त्वचा पाहायची असेल तेव्हा ग्रिड १ मि.मी. ठेवा, निदान १.२५. गणनेला वेळ लागतो, म्हणून रोजचा प्लॅन २.५ वर करून अंतिम गणना तेवढी बारीक ग्रिडवर चालवली तरी भागते. माँटे कार्लो (किरणांचा यादृच्छिक नमुन्यांवरून हिशेब करणारा अल्गोरिदम) असेल तर चौकोन लहान केल्यावर आकड्यांतली थरथर वाढते. एका बिंदूवर न जाता निदान एक चौरस सेंटिमीटरची सरासरी घ्या.

चौथे, बॉडी कॉन्टूर. स्वयंचलित कॉन्टूर एका ठरावीक एचयू (सीटीवरच्या घनतेचा आकडा) उंबरठ्यावर ओढला जातो. तो उंबरठा, स्लाइसची जाडी आणि स्मूदिंग यांनी अंगाची कड एक-दीड मिलिमीटर आत-बाहेर होते. स्कॅन ३ मि.मी. किंवा त्याहून पातळ स्लाइसचा घ्या आणि प्रत्येक स्लाइसवर कड डोळ्यांनी बघा. या जागा हमखास चुकतात:

स्तनाखालची घडी. कॉन्टूर घडीच्या आत न शिरता वरून उडी मारतो आणि घडीतली हवा अंगात धरली जाते. ओली साल बहुधा इथेच निघते, त्यामुळे या जागी आळस नको.

जखमेच्या रेषेवर आणि स्तनाभोवती लावलेली तार. ती बॉडीत धरली गेली तर तिथे त्वचा उंच दिसते आणि तिच्या रेघांमुळे शेजारचे एचयू बिघडतात. तार कॉन्टूरबाहेर काढा, रेघांच्या पट्ट्याला पाण्याची घनता द्या.

काख आणि ब्रेस्ट बोर्डवर उचललेला हात. स्कॅनचे वर्तुळ लहान घेतले तर ही बाजू कापली जाते. स्थूल रुग्णात आधी मोठे वर्तुळ घ्या.

थर्मोप्लास्टिक कास्ट. आपल्याकडे स्तन स्थिर ठेवायला तो सर्रास वापरतात, आणि बॉडी कॉन्टूर त्याच्या आतून ओढला की टीपीएसला तो दिसतच नाही. दोन-अडीच मिलिमीटरचे प्लास्टिक ताणून पातळ झाले तरी बिल्ड-अप त्यातच सुरू होतो आणि प्रत्यक्ष त्वचा-डोस पडद्यावरच्यापेक्षा बराच वाढतो. इमोबिलायझेशनच्या (रुग्णाला स्थिर ठेवण्याच्या) साधनांनी त्वचा-डोस किती वाढतो हा विषय एएपीएमच्या (अमेरिकेतल्या मेडिकल फिजिसिस्टांच्या संघटनेच्या) टास्क ग्रुप १७६ च्या २०१४ च्या अहवालात आहे, तो प्रत्येक केंद्रात असावा. कास्ट वापरत असाल तर तो बॉडीत धरा, नाहीतर फील्डमधला भाग कापून खिडकी करा.

पहिली मोजणी: स्लॅब आणि समांतर-पट्टी चेंबर

लागते ते एवढेच: ३० × ३० से.मी.चे सॉलिड वॉटर किंवा ॲक्रिलिकचे स्लॅब, त्यात १ मि.मी.चे निदान पाच, चेंबर बसवायचा खाचेचा स्लॅब, आणि मार्कस किंवा ॲडव्हान्स्ड मार्कस जातीचे चेंबर. एक्स्ट्रापोलेशन चेंबर फार थोड्या ठिकाणी असते, त्यासाठी अडून बसू नका.

चेंबरची संरक्षक कॅप काढा. ती साधारण १ मि.मी. पाण्याएवढी असते, आणि ती तशीच राहिली तर "पृष्ठभाग" म्हणून तुम्ही १ मि.मी.चा डोस लिहाल. चेंबरखाली निदान १० से.मी. स्लॅब ठेवा. एसएसडी (स्रोत ते पृष्ठभाग अंतर) १०० से.मी. फँटमच्या पृष्ठभागाला लावा, आणि वर स्लॅब चढवला की टेबल तितकेच खाली घ्या. मग ०, १, २, ३, ५, ७, १०, १५, २० मि.मी. असे वाचन घ्या, प्रत्येक ठिकाणी +३०० आणि −३०० व्होल्टवर, आणि दोन्हींच्या मूल्यांची सरासरी धरा. बिल्ड-अपमध्ये ध्रुवीयतेचा फरक खोलीवरच्यापेक्षा बराच मोठा असतो, एकाच ध्रुवावरचे वाचन चालत नाही. हेच ५ × ५, १० × १०, १५ × १५ आणि टँजेंटला (छातीला कडेने घासत जाणाऱ्या फील्डला) जवळच्या १० × २० फील्डसाठी करा. ट्रे किंवा वेज (बीमच्या वाटेत बसवायची साधने) वापरत असाल तर त्यांच्यासकट पुन्हा.

आता दुरुस्ती. या चेंबरच्या बाजूच्या भिंतीतून शिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांमुळे पृष्ठभागावर वाचन जास्त येते. गर्बी आणि खान यांनी १९९० मध्ये दिलेले सूत्र असे:

दुरुस्त टक्केवारी = वाचलेली टक्केवारी − (क × पट्ट्यांमधले अंतर मि.मी.मध्ये × ई चा [−५.५ × खोली ÷ डीमॅक्स] घात)

क = (−१.६६६ + १.९८२ × आयआर) × (सी − १५.८)

आयआर म्हणजे स्रोत ते चेंबर अंतर तेच ठेवून २० आणि १० से.मी. खोलीच्या आयनीकरणाचे गुणोत्तर; ६ एमव्हीला ते सुमारे ०.६७ येते. सी म्हणजे कलेक्टरच्या कडेपासून बाजूच्या भिंतीपर्यंतचे अंतर मि.मी.मध्ये. मार्कससाठी सी ०.३५ आणि पट्ट्यांमधले अंतर २ मि.मी. धरले तर क सुमारे ५.२ टक्के प्रति मि.मी. येतो, म्हणजे पृष्ठभागावर १०.४ टक्के वजा. वाचन २६ टक्के आले असेल तर खरे १५.६. खोली ३ मि.मी. आणि डीमॅक्स १५ मि.मी. असेल तर वजा करायचे ३.५ टक्के; डीमॅक्सला ते शून्यावर येते. ॲडव्हान्स्ड मार्कसमध्ये अंतर १ मि.मी. आणि सी २ मि.मी. असल्याने पृष्ठभागावरची वजावट ४.७ टक्क्यांवर थांबते. दुरुस्ती न करता मार्कसचा आकडा टीपीएसशी ताडला तर चांगल्या टीपीएसलाही तुम्ही नापास कराल.

आपल्या हवेचा एक मुद्दा. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ च्या पुढे जातो, वीज गेली आणि एसी बंद पडला की बंकरमधली हवा तासाभरात तीन-चार अंशांनी चढते. उघड्या चेंबरमध्ये ४ अंशांना वाचन सुमारे १.३ टक्के बदलते. सापेक्ष मोजणीत तापमान-दाबाची दुरुस्ती आपोआप कटते, हे तापमान स्थिर असेल तरच खरे. म्हणून दर चार-पाच खोल्यांनंतर डीमॅक्सचे वाचन परत घ्या, आणि स्लॅब आदल्या रात्रीच खोलीत आणून ठेवा. स्टोअरमधून थेट आणलेला स्लॅब आतून तासन्‌तास गरम राहतो. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर असल्याने हवेचा दाब १०१.३ किलोपास्कलच्या बराच खाली असतो. फिल्म कॅलिब्रेशनसाठी प्रत्यक्ष डोस काढताना दाब बॅरोमीटरवर वाचा, ॲपवरचा "समुद्रसपाटीचा" दाब घेऊ नका. तो घेतला तर तीन-चार टक्क्यांची चूक तिथेच बसते.

दुसरी मोजणी: फिल्म आणि तिरपा बीम

सरळ बीमवरची मोजणी हा फक्त पाया. टँजेंटमध्ये बीम त्वचेला घासत जातो, आणि तिरपेपणा वाढला की पृष्ठभागाचा डोस चढतो. ७५ अंशांवर तो सरळ बीमच्या दुपटीहून अधिक होतो. त्यात समोरच्या फील्डचा बाहेर पडणारा डोस मिळतो. समांतर-पट्टी चेंबर मोठ्या कोनात स्वतःच गडबडते, म्हणून इथे फिल्म.

ईबीटी३ या, डोस लागला की रंग बदलणाऱ्या फिल्मचा संवेदी थर २८ मायक्रॉनचा आणि दोन्ही बाजूंना १२५ मायक्रॉनचे पॉलिएस्टर असते. पॉलिएस्टर पाण्यापेक्षा घन असल्याने मोजणीची खोली पाण्याच्या हिशेबात ०.२ मि.मी.च्या आसपास पडते. ०.०७ वर यायचे तर तीन फिल्म एकावर एक ठेवा, म्हणजे सुमारे ०.२, ०.५५ आणि ०.९ मि.मी.चे आकडे मिळतील, आणि त्यांतून रेषा मागे न्या. ०, ३०, ४५, ६०, ७५ अंशांसाठी हे एकदा केले की "एका फिल्मचा आकडा ते ०.०७ मि.मी." असा गुणक प्रत्येक कोनासाठी हातात येतो. तो रुग्णाच्या मोजणीत लागतो.

कॅलिब्रेशनला त्याच लॉटच्या फिल्मचे तुकडे घ्या: ०, ०.२५, ०.५, १, १.५, २, ३, ४ ग्रे (ग्रे हे डोसचे एकक). डोस दिल्यावर २४ तासांनी स्कॅन करा, आणि रुग्णाच्या फिल्मलाही तितकाच वेळ द्या. स्कॅनर ४८ बिट, ७२ डीपीआय, रंगदुरुस्तीचे सगळे पर्याय बंद. आधी चार-पाच रिकामे स्कॅन घेऊन दिवा गरम होऊ द्या. तुकडा काचेच्या मधोमध, आणि मूळ पत्र्यात त्याची जी दिशा होती त्याच दिशेने ठेवा. आडवा-उभा झाला तर आकडा काही टक्क्यांनी हलतो. म्हणून कापण्याआधीच प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यावर क्रमांक आणि बाण करा. कापलेल्या कडेचे दोन मिलिमीटर सोडून मधलाच भाग वाचा.

फिल्मचा शत्रू उष्णता. ६० अंशांच्या वर संवेदी थर बिघडतो, आणि उन्हाळ्यात कुरिअरच्या बंद गाडीत तेवढे तापमान अशक्य नाही. मागणी हिवाळ्यातच करून ठेवा. पेटी फ्रिजमध्ये ठेवत असाल तर वापराआधी बंद पाकिटातच खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर पावसाळ्यात फिल्मवर दव धरते. नवी पेटी आली की एक कोरा तुकडा स्कॅन करून पार्श्वभूमी नोंदवा.

वक्र फँटम विकतचा नसेल तर पॅराफिन मेणाचा करा. अर्धगोल भांड्यात, १६ ते २० से.मी. व्यासाचा, दोन-दोन सेंटिमीटरचे थर ओतत. एकदम ओतले तर थंड होताना आत पोकळ्या पडतात. त्याचा सीटी घ्या, पोकळ्या दिसल्या तर वितळवून पुन्हा ओता. मग स्तनासारखेच टँजेंट प्लॅन करा, कडेने आणि माथ्यावर फिल्म चिकटवा, बीम द्या.

टीएलडी आणि ओएसएल (उष्णता किंवा प्रकाश देऊन डोस वाचता येणाऱ्या चिप) वापरताना जाडी विसरू नका. नेहमीची लिथियम फ्लोराइड चिप ०.८९ मि.मी. जाड आणि २.६४ घनतेची असते, तिचा मध्य पाण्याच्या हिशेबात १.२ मि.मी.वर येतो. ती जो आकडा देते तो डर्मिसचा, तळथराचा नाही. बिल्ड-अप कॅप असलेले डायोड तर त्वचेसाठी वापरूच नका: ते डीमॅक्सचा डोस सांगण्यासाठी बनलेले असतात, आणि वर स्वतःखाली बोलसचेही (त्वचेचा डोस वाढवायला वर ठेवायच्या थराचेही) काम करतात.

कोष्टक

दोन्ही मोजण्या आणि त्याच मांडणीची टीपीएस गणना शेजारी लावा. रकाने असे: कोन, फील्ड, खोली (०.०७, १, २, ३, ५ मि.मी.), मोजलेला डोस, १ मि.मी. ग्रिडवरचा टीपीएस डोस, २.५ मि.मी. ग्रिडवरचा टीपीएस डोस, गुणोत्तर. बहुधा असे दिसते की ३ मि.मी.पासून पुढे गुणोत्तर एकच्या जवळ स्थिरावते आणि २ मि.मी.च्या आत भरकटते. जिथे स्थिरावते ती तुमच्या टीपीएसची विश्वासाची खोली. प्लॅनमधून आकडा त्याच खोलीचा घ्या, आणि ०.०७ वर जायला मोजलेले गुणोत्तर वापरा. टीपीएसला थेट ०.०७ विचारणे म्हणजे १ मि.मी.च्या ग्रिडला तिच्या आवाक्याबाहेरचे विचारणे.

३ मि.मी.लाही गुणोत्तर ५ टक्क्यांहून दूर असेल तर दोष बीम मॉडेलमध्ये शोधा. समांतर-पट्टी चेंबरचा दुरुस्त वक्र पुरवठादाराच्या इंजिनिअरसमोर ठेवा आणि इलेक्ट्रॉन कंटॅमिनेशनचे (बीमसोबत मशीनमधून येणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे) घटक पुन्हा जुळवून घ्या. गुणकाची पट्टी लावून मॉडेलचा दोष झाकू नका.

प्लॅनमध्ये त्वचेची रचना करताना बॉडीच्या आत ३ मि.मी.चा पट्टा काढा आणि तो फील्डच्या हद्दीपुरता कापा. पूर्ण धडाची त्वचा धरली तर सरासरी हास्यास्पद कमी येते. एका बिंदूची कमाल बघू नका. पट्ट्याची सरासरी आणि सर्वांत तापलेल्या २ सीसीचा डोस नोंदवा. आयएमआरटी किंवा व्हीमॅट (बीमची तीव्रता संगणकाने बदलत देण्याच्या पद्धती) असेल तर पीटीव्ही (हालचालीची सूट धरलेले टार्गेट) त्वचेपासून ५ मि.मी. आत छाटा. नाहीतर ऑप्टिमायझर बिल्ड-अपमधली तूट भरायला तिथे बीम ओततो, आणि श्वासाने त्वचा दोन मिलिमीटर सरकली की तो जादा डोस खरोखर अंगावर पडतो.

रुग्णाच्या अंगावर मोजताना

पहिल्या तीन फ्रॅक्शनपैकी (उपचाराच्या हप्त्यांपैकी) दोन दिवस मोजा, पोझिशनची प्रतिमा तपासून झाल्यावरच. जागा: आतली बाजू, बाहेरची बाजू, माथा किंवा जखमेची रेषा, स्तनाखालची घडी, काखेची घडी. २ × २ से.मी.चे तुकडे अगदी पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळा, कारण घाम कापलेल्या कडेतून आत शिरतो. चिकटपट्टी फक्त कडेला लावा. महिला टेक्नॉलॉजिस्ट किंवा सिस्टर सोबत असू द्या, आणि रुग्णाला आधी सांगा: "ताई, ही पट्टी औषधाची नाही, लाईट किती लागते ते मोजायची आहे. दुखणार नाही, निघाली तर सांगा." मेळघाटातल्या कोरकू किंवा गडचिरोलीच्या माडिया-गोंडी बोलणाऱ्या रुग्णाला हे तिच्या सोबतच्या माणसाकरवी तिच्या भाषेत पोचवा, न कळल्याने ती हलली तर मोजणी आणि उपचार दोन्ही बिघडतात.

अंगावर काय लावले आहे ते नावे घेऊन विचारा, नुसते "काही लावलं का?" पुरत नाही. खोबरेल तेल, हळद, पावडर, मलम यांचा पातळ थर डोस फारसा हलवत नाही, ३ मि.मी. किंवा अधिक जाड थापलेला लेप मात्र बोलससारखा वागतो. बिब्ब्याबद्दल वेगळे विचारा. दुखऱ्या खांद्यावर किंवा छातीवर बिब्बा लावला असेल तर त्याने आलेले फोड रेडिएशनचे समजून मोजणीचा अर्थच चुकेल, आणि अशा त्वचेवर पुढचे फ्रॅक्शन देण्याआधी डॉक्टरांनी बघायला हवे. मंगळसूत्र, काळी पोत फील्डबाहेर. घामाने ओला ब्लाऊज किंवा गाऊन छातीवर राहू देऊ नका. जुने गोंदण असेल तर सेटअपचे टॅटू त्यापासून दूर द्या आणि फोटोत दोन्ही वेगळे दाखवा.

बोलस: सगळ्यात मोठी चूक इथे होते

टीपीएसमध्ये बोलस छातीला तंतोतंत चिकटलेला असतो. टेबलावर तो जखमेच्या खड्ड्यावर, बरगड्यांच्या कडेला, काखेपाशी उचललेला असतो. पाच मिलिमीटरपर्यंतच्या पोकळीने मोठ्या फील्डमध्ये फरक थोडा पडतो. पोकळी १० मि.मी. झाली, बीम तिरपा असला आणि फील्ड लहान असले की घट दुर्लक्ष करण्यासारखी राहत नाही. दर आठवड्याला बोलस ठेवून प्रतिमा घ्या आणि पोकळी मोजा. शक्य असेल तिथे सीटीलाच प्रत्यक्ष बोलस लावून स्कॅन करा.

जेलचा बोलस महाग म्हणून ओली गॉज वापरणारी केंद्रे आहेत. त्याला हरकत नाही, पण जाडी डोळ्याने ठरवू नका, तराजूवर ठरवा. ५ मि.मी. पाण्याएवढा थर म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ०.५ ग्रॅम, २० × २० से.मी.च्या गॉजचे ओले वजन २०० ग्रॅम हवे. १४० ग्रॅम भरले तर तो बोलस साडेतीन मिलिमीटरचाच आहे, दिसायला कितीही जाड दिसो. एसीखाली ती सुकते, म्हणून प्रत्येक रुग्णासाठी नव्याने भिजवून, दाबून, वजन करून घ्या. मेणाचा बोलस पाण्यापेक्षा हलका, ०.९ च्या आसपास, ५ मि.मी. मेण म्हणजे ४.५ मि.मी. पाणी. उन्हाळ्यात स्टोअरमध्ये ठेवलेले मेण नरम होऊन मधे पातळ होते. दर सोमवारी चार कोपरे आणि मध्य कॅलिपरने मोजा.

बोलस कोणत्या दिवशी, ते उपचारपत्रकावर दिवसागणिक छापा. समजा ४० ग्रे, १५ फ्रॅक्शन, दर वेळी २.६७ ग्रे. बाहेरच्या बाजूला फिल्मचा आकडा बोलसविना १.८२ ग्रे आला आणि त्या कोनाचा गुणक ०.९४, तर ०.०७ मि.मी.ला १.७१ ग्रे. बोलससकट फिल्म २.६४ दाखवते, तिथे चढण सपाट असल्याने गुणक लागत नाही. बोलस आठ दिवस, सात दिवस नाही: ८ × २.६४ + ७ × १.७१ = ३३.१ ग्रे. बोलसविना पंधराही दिवस असते तर २५.७. लवकरच्या प्रतिक्रियेसाठी अल्फा/बीटा (हप्त्याच्या आकाराला पेशी किती संवेदनशील ते सांगणारे गुणोत्तर) १० धरून २ ग्रेच्या हिशेबात आणले तर ३३.१ चे ३३.९ होतात. एक बोलस-दिवस चुकला की जवळपास एक ग्रे कमी, आणि विसरून दोनदा जास्त लागला की जवळपास दोन ग्रे वर. फिल्म, जागा आणि गुणक यांची मिळून अनिश्चितता पाच टक्क्यांच्या आसपास धरून डॉक्टरांना आकडा "३३, कमी-जास्त दीड-दोन ग्रे" असाच सांगा.

कोबाल्टवर

१.१७ आणि १.३३ एमईव्हीच्या किरणांचा डीमॅक्स ५ मि.मी.वर असल्याने त्वचेची बचत मुळातच कमी, आणि ६ एमव्हीची बोलसची सवय इथे जशीच्या तशी आणली तर त्वचा भाजते. ट्रिमर (फील्डची कड नेटकी करणारे भाग) आणि ब्लॉक ट्रेवरून निघणारे इलेक्ट्रॉन त्वचेवर पडतात. ते आणि त्वचा यांत निदान १५ से.मी. अंतर ठेवा. मोजणी वर सांगितल्याप्रमाणेच, पण एसएसडी ८० से.मी., आणि कमी वेळेच्या वाचनात शटरच्या वेळेची चूक आधी काढून वजा करा. गर्बी-खान सूत्रातला आयआर कोबाल्टसाठी स्वतः मोजून घाला. ०, १, २, ३, ४, ५ मि.मी. अशा प्रत्येक मिलिमीटरवर वाचन हवे, कारण सगळी चढण तेवढ्यातच संपते.

पुन्हा केव्हा मोजायचे

टीपीएसचे नवे व्हर्जन, बीम मॉडेलमधला कोणताही बदल, सीटीचा प्रोटोकॉल किंवा बॉडीचा उंबरठा बदलणे, नव्या प्रकारचा कास्ट किंवा बोलस, लिनॅकवर बीम स्टीअरिंग किंवा मशीनमधल्या धातूच्या टार्गेटचे काम, कोबाल्टचा स्रोत बदलणे: यांपैकी काहीही झाले की १० × १० फील्डवर ० आणि ६० अंशांची मोजणी करून कोष्टकाशी ताडा. ३ टक्क्यांच्या आत जुळले तर तेच कोष्टक चालू ठेवा. नाही जुळले तर पूर्ण मोजणी होईपर्यंत जुने गुणक वापरणे थांबवा आणि त्या काळातल्या रुग्णांच्या अंगावर फिल्म लावून थेट मोजा. कोष्टकावर तारीख, टीपीएसचे व्हर्जन, ग्रिड, फिल्मचा लॉट आणि मोजणाऱ्याची सही हवी. त्वचेची प्रतिक्रिया दर आठवड्याला त्याच कागदावर, त्याच पाच जागांपुढे लिहा. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, काळवंडणे आणि चटका लागल्यासारखी आग हीच पहिली खूण धरा. घरी जाताना रुग्णाच्या हाती सिस्टरचा फोन नंबर आणि "ओल सुटली तर फोटो पाठवा" एवढी एक ओळ लिहिलेली चिठ्ठी द्या. त्या फोटोची तारीख आणि जागा कोष्टकाच्या शेजारी चढली की आकडा आणि त्वचा एकमेकांशी जुळतात का, ते कळते.